साक्षीदाराची ओळ

॥ श्रीशिव ॥

सोनपेठ,
दि. २१ नोव्हेंबर १९९३

चि. महानंदेस,

मामाचे अनेक आशीर्वाद, आणि ज्येष्ठत्वाच्या अधिकाराने एक कानउघाडणी. ती यथावकाश पुढे येईल.

तुझे दि. १२ चे पत्र व त्याच्या उदरातून निघालेला छापील फॉर्म, दोन्ही गुरुवारी हाती आले. पत्र मी वाचले; फॉर्मचे पारायण केले. तुमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका कमलबाई यांची लेखनशैली मला अत्यंत भावली. 'माता अथवा पिता यांची स्वाक्षरी'. त्याखाली 'साक्षीदाराची स्वाक्षरी'. त्याखाली 'हा फॉर्म दि. १७ जानेवारी रोजी सायंकाळी पाचपर्यंत कार्यालयात मिळाला पाहिजे'. संपूर्ण पृष्ठावर एक विशेषण नाही! आमच्या शिक्षणखात्याने ही शैली अंगीकारली तर अर्धे खाते एका दिवसात निरुद्योगी होईल.

एकूण परिस्थिती माझ्या अल्प मतीस उमगली ती अशी. तू जेथे काम करतेस ती संस्था तुला आणखी दोन वर्षे ठेवून घेण्यास सिद्ध आहे. अट एवढीच, की पावसाच्या आकड्यांवरून पेरणीची तिथी सांगणारा तुझा प्रोग्रॅम दहा जानेवारीच्या पाहणीत चालला पाहिजे. वसतिगृहही दोन वर्षे जागा देण्यास सिद्ध आहे. अट एवढीच, की हा फॉर्म. जागा गेली तर परक्याच्या घरी खोली घेऊन राहण्यास शिवरुद्रदाजी, म्हणजे तुझे तीर्थरूप, कदापि संमती देणार नाहीत. मग तू राणीसावरगावी परत येशील आणि दाजींच्या बियाण्यांच्या दुकानात संकरित ज्वारीच्या पिशव्या रचशील. ज्वारीविषयी मला नितांत आदर आहे; परंतु त्यासाठी गणितात पदव्युत्तर पदवी लागत नाही.

दिवाळीत पाठविलेल्या पहिल्या फॉर्मची गती मला अक्काकडून, म्हणजे तुझ्या मातोश्रींकडून, कळली होती. दाजींनी तो वाचला, 'साक्षीदार' या शब्दापाशी थबकले, आणि आता आमच्या बोलण्याला साक्षीदार लागायले का, असे अक्काला विचारून त्यांनी तो बियाण्याच्या पोत्याखाली निक्षेपित केला. म्हणून दुसरा फॉर्म माझ्याकडे. ही शिष्टाई मी स्वीकारली आहे. शिष्टाई करणाऱ्यांचा पूर्वेतिहास फारसा यशस्वी नाही हे ठाऊक असूनही स्वीकारली आहे.

आता कानउघाडणी. ज्या भाषेत तू हा प्रोग्रॅम रचतेस तिचे नाव पायथन, अर्थात अजगर, असे लिहिलेस. पाणिनी उपलब्ध असताना सरपटणाऱ्या प्राण्याकडे जाण्याचे कारण काय? आणि त्या अजगराला नेमके काय झाले आहे? 'उत्तर दिसते पण पुढे जात नाही' एवढ्यावर वैद्याने औषध कसे द्यावे? सविस्तर लिही. संगणक मला कळत नाही. तथापि न कळणाऱ्या विषयावर मी तीस वर्षे अध्यापन केले आहे.

अक्का ठीक आहे. दुपारच्या साक्षरता वर्गात ती आता जोडाक्षरांपर्यंत आली असून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने 'गंगम्मा' असे लिहिते आणि 'म्मा' जमला नाही तर भिंत सारवते. भिंत फारच स्वच्छ राहू लागली आहे.

माझा संस्कृत कोश तुझाच आहे, हे येथे पुन्हा एकदा घोषित करतो. लोभ आहेच, तो उत्तरोत्तर वृद्धिंगत ठेवण्याचे दायित्व तुझे.

तुझा मामा,
चंद्रप्पा

*

पुणे,
दि. ३० नोव्हेंबर १९९३

ती. मामांस,

महानंदाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. मी इथे बरी आहे. थंडी पडली आहे आणि मायने दिलेली वाकळ खोलीतल्या तिघींमध्ये फिरते.

अजगराबद्दल. ही भाषा परदेशातल्या एका गणित संस्थेत नवीनच तयार झाली आहे. आमच्या सरांनी ती नेटवर्कवरून उतरवून घेतली. आख्ख्या संस्थेत ती वापरणारे आम्ही दोघेच आहोत. म्हणजे अडले तर विचारायला सर, आणि सरांना अडले तर मी. नावाचा सापाशी संबंध नाही असे सर म्हणतात, पण कशाशी आहे ते सांगत नाहीत.

अडचण अशी आहे. प्रत्येक पर्जन्यमापक केंद्राची मी एक वस्तू केली आहे. गंगाखेड ही एक वस्तू, पाथरी दुसरी, जिंतूर तिसरी. वस्तूला काही ठरावीक प्रश्न विचारता येतात. त्या प्रश्नाला मेथड म्हणतात. गंगाखेडला 'सरासरी' विचारले की ती स्वतःजवळचे तीस वर्षांचे जूनचे आकडे घेते, हिशेब करते आणि पडद्यावर एकशे बेचाळीस मिलिमीटर असे उत्तर येते. अगदी बरोबर. मी हाताने पडताळून पाहिले. त्यापुढचा टप्पा 'पेरणी'. तो प्रत्येक केंद्राला सरासरी विचारतो आणि त्यावरून तिथी काढतो. तिथे पडद्यावर आधी एकशे बेचाळीस येते आणि लगेच खाली तक्रार येते, की या दोन गोष्टींची बेरीज करता येत नाही. मामा, आकडा समोर दिसत असताना यंत्र म्हणते, मला आकडा मिळाला नाही. मी गंगाखेडचा तीस वर्षांचा पाऊस तीनदा पुन्हा टाइप केला. पावसात दोष नाही.

फॉर्मचे मात्र विसरू नका. कमलबाई तशा चांगल्या आहेत, पण जागेसाठी अकरा मुलींची यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखालीच आहे आणि त्या रोज तिच्यावर चहाचा कप ठेवतात. अप्पांना मी दोन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. ते रागावले आहेत की विसरले आहेत, हेही मला इथून कळत नाही.

तुम्ही जाल तेव्हा भाषण करू नका एवढी विनंती. सही तेवढी आणा. कोशाबद्दल म्हणाल तर मी दहावी झाले तेव्हा तुम्ही तो माझा असल्याचे सत्यनारायणाच्या पंगतीत जाहीर केले होते, बारावीला गंगाखेडच्या बसमध्ये, आणि एम.एस्सी.ला पेढे वाटताना. तो अजून तुमच्याच कपाटात आहे. कपाट मी ओळखते.

मामींना नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.

तुमची,
महानंदा

*

॥ श्रीशिव ॥

सोनपेठ,
दि. १५ डिसेंबर १९९३

चि. महानंदेस,

मामाचे विजयी आशीर्वाद.

कार्यसिद्धी झाली! हे वाक्य मी प्रथम लिहून टाकतो, अन्यथा पत्राच्या अंती येईपर्यंत तुझा धीर सुटावयाचा. आता वृत्तान्त सावकाश ऐक.

सोमवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी गंगाखेडमार्गे राणीसावरगावी प्रस्थान केले. एस.टी.त उभे राहण्यास उत्तम जागा मिळाली. दुकानात दाजी एका शेतकऱ्यास करडईच्या वाणाविषयी उपदेश करीत होते. मला पाहून ते म्हणाले की, या मास्तर, पोरीचा वकील आला वाटतं. मी त्या पदवीचा नम्रपणे स्वीकार केला आणि विषयास हात घातला. चहा आला, तो प्राशन झाला. अखेर दाजी म्हणाले, संध्याकाळी मठात चला.

मठात सोमवारचे भजन असते, हे तुला सांगणे नको. गावाची दोनशे-सव्वादोनशे मंडळी सभामंडपात होती. भजन संपले, आरती झाली, लोक उठू लागले, तोच दाजी पुढे सरले आणि त्यांनी मधल्या दगडी खांबाला उजवा हात लावला. तुमच्या गावी खांबाला हात लावून दिलेला शब्द फिरत नाही, हे सोनपेठच्या माणसाने तुला काय सांगावे! उठलेले लोक एकदम खाली बसले. एका गृहस्थाने तर घातलेली वहाण पुन्हा काढली.

दाजी बोलले ते इतकेच. माझी पोरगी अजून दोन वर्सं पुण्यालाच राहणार हाय. तिथं ती पावसाचं काम करायलीय. तिला मी राहा म्हणलंय. कुणाला काही म्हणायचं आसंल तर आत्ता म्हणावं, मागून पारावर बसून म्हणू नये.

कोणी काही म्हणाले नाही. बाळे, मी सभा अनेक पाहिल्या. जिल्हा शिक्षक परिषदेच्या निवडणुकीत स्वतः दोनदा पडलो आहे. परंतु अशी निःशब्द संमती पाहिली नाही. परतताना वृद्ध चंदनअप्पा मला म्हणाले की, शिवरुद्रानं आजवर तीनदाच खांब धरला. एकदा बांधाच्या भांडणात, एकदा भावाच्या वाटणीत, अन् आज पोरीसाठी. माझे नेत्र पाणावले. थंडीमुळेही असेल.

अशा उद्घोषणेनंतर खिशातून फॉर्म काढून 'येथे सही करा' म्हणणे म्हणजे उगवलेल्या सूर्याकडे उगवल्याचा दाखला मागणे होय. मी ते केले नाही. फॉर्म पंचांगात सुरक्षित आहे. प्रस्तुत पत्र तू कमलबाईंस वाचून दाखव. घडलेले सर्व मी यथातथ्य लिहिले आहे, स्थळ, काळ, साक्षी यांसह. आणि साक्षीदार एक नव्हे, सव्वादोनशे आहेत.

अजगराच्या रोगाचे निदान मी करीत आहे. लोभाचे पारडे तुझ्याकडे झुकलेले आहे. ते तसेच राहो.

तुझा कृतकृत्य मामा,
चंद्रप्पा

*

पुणे,
दि. २४ डिसेंबर १९९३

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. अप्पांनी खांबाला हात लावला, हे मी जिन्यातच पुन्हा दोनदा वाचले. मला वाटले होते ते रागावले आहेत. ते पान मी वेगळे काढून ठेवले आहे.

त्यानंतर सांगितल्याप्रमाणे ते कमलबाईंना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून सगळे ऐकले. वहाण काढणाऱ्या माणसापाशी हसल्या. तुमच्या मामांचे मराठी फार सुरेख आहे, असे म्हणाल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, आणा फॉर्म. मी म्हटले, फॉर्म पंचांगात आहे. त्या म्हणाल्या, वडिलांनी परवानगी दिली हे मला आता चांगलेच कळले, पण मी फाइलमध्ये काय लावू?

मी ऑफिसात गेले आणि पडद्यासमोर बसले. तोच तो एकशे बेचाळीस, खाली तीच तक्रार. आणि मामा, त्या पुढे केलेल्या हातामुळे मला माझी चूक दिसली.

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही मागितले होते आणि कारण तुम्हाला ते कळणे आता गरजेचे आहे. 'सरासरी' या मेथडच्या शेवटच्या ओळीत मी प्रिंट असे लिहिले होते. प्रिंट म्हणजे आकडा पडद्यावर दाखव. यंत्राने तो इमानाने दाखवला. पण 'पेरणी'ला डोळे नाहीत. ती पडदा वाचत नाही. ती प्रश्न विचारते आणि हात पुढे करून उभी राहते. तिच्या हातात काही ठेवायचे तर शेवटच्या ओळीत रिटर्न लिहावे लागते. मी ते लिहिलेच नव्हते. मेथडने काही परत दिले नाही तर ही भाषा विचारणाऱ्याच्या हातात 'नन' ठेवते, म्हणजे 'काहीच नाही'. त्या 'काहीच नाही'मध्ये पेरणी बेरीज करू पाहत होती. पाऊस पडद्यावर पडला, हातात थेंब नाही.

इतके दिवस मला कळले का नाही, तेही सांगते. मी तपासताना यंत्रासमोर बसून एकेक प्रश्न टाइप करायची. अशा वेळी रिटर्न केलेले उत्तरही यंत्र आपणहून पडद्यावर दाखवते. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला प्रिंट आणि रिटर्न सारखेच दिसतात. फरक कळतो तो समोर नसलेल्याला, पुढच्या टप्प्याला. एक शब्द बदलला आणि आठही केंद्रांच्या तिथ्या निघाल्या. प्रिंटही वाईट नाही, मामा. शेवटी शेतकऱ्याला तिथी दाखवायची तर ती प्रिंटच करावी लागणार. पण सरासरी ही दाखवायची गोष्ट नव्हती, द्यायची होती.

मठात बसलेल्या सव्वादोनशे माणसांना अप्पांचा होकार मिळाला. तुम्हीही त्यांत होतात. मी नव्हते आणि कमलबाईही नव्हत्या. अप्पांनी प्रिंट केले. मग तुम्ही ते चार पानांवर पुन्हा प्रिंट केले, अधिक सुंदर. माझ्या हातात नन आहे.

हे चेष्टेने लिहायला सुरुवात केली होती, पण आता चेष्टा राहिलेली नाही. सतरा तारखेला पाच वाजता अकरा मुलींतली पहिली मुलगी माझ्या कॉटवर वळकटी टाकेल. कृपा करून पंचांग उघडा.

मामींना नमस्कार. राग मानू नका, आणि मानलात तरी फॉर्म आणा.

तुमची,
महानंदा

*

॥ श्रीशिव ॥

सोनपेठ,
दि. १० जानेवारी १९९४

चि. महानंदेस,

मामाचे आशीर्वाद, या वेळी विशेषणाविना.

तुझे पत्र वाचून मला प्रथम क्रोध आला. तीस वर्षे ज्याने इतरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाई चालवली, त्याला स्वतःच्या पत्रावर ती पाहण्याची सवय नसते. तुझ्या सिद्धान्ताचे खंडन लिहावयास मी शिक्षककक्षात बसलो. शब्द हाच परब्रह्म, इत्यादी. आमचा शिपाई मुंजाजी घंटेची वेळ विचारण्यास आला होता; त्यालाच मी न्यायाधीश नेमले आणि पत्राचा सारांश सांगितला. तो म्हणाला की, सर, पोरगी खरं बोलायलीय. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला तवा माझ्या बापानं साखर वाटली. ठराव रेडिओवर समद्यांनी ऐकला. बाप गेला. माझं पोरगं आता बी.ए.ला हाय, त्याच्या मार्कशीटवर अजून जुनंच नाव येतंय. मग ऐकलं ते काय ऐकलं? एवढे बोलून त्याने घंटा दिली. ती वेळेआधी तीन मिनिटे होती. खंडन अपूर्ण राहिले. ते अपूर्णच राहील.

काल रविवारी मी पुनश्च राणीसावरगावी गेलो. पंचांग उघडले, फॉर्म काढला आणि दुकानात बसलेल्या दाजींच्या गुडघ्यापाशी ठेवला. हे मी पहिल्या भेटीत करावयास हवे होते. तेव्हा ते प्रसन्न होते. या वेळी नव्हते.

दाजींचे म्हणणे जसेच्या तसे सांगतो, अलंकार न घालता. खांबाला हात लावून बोललो. त्याच्यावर आता सही मागणं म्हणजे खांब पोकळ हाय म्हणणं झालं. आज माझ्या शब्दाखाली साक्षीदार सही करणार. उद्या गाव म्हणंल, शिवरुद्रअप्पाचं बोलणं कागदाबिगर चालत न्हाई. मी त्यांना तुझा दृष्टान्त सांगितला. पडदा, हात, पेरणी, सर्व. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, तुमचं मशीन बहिरं हाय त्याला मी काय करू? एका जन्मात दोनदा वाद हरणे, तेही एका पंधरवड्यात, हे माझ्या प्रकृतीस मानवणारे नाही.

तथापि त्यांचे तुझ्यावर प्रेम नाही असे समजू नकोस. मी निघताना त्यांनी विचारले की, तिचं ते पावसाचं यंत्र चाललं का? मी म्हणालो, चालले. मग ते पाच मिनिटे गिऱ्हाइकाकडे पाहत राहिले आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे.

अक्का संक्रांतीचे तीळ निवडीत तेथेच बसली होती. ती आमच्या वादात पडली नाही. फॉर्म तिच्या सुपाशेजारी येऊन पडला होता आणि ती त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावीत होती. मध्येच तिने मला एका शब्दाचा अर्थ विचारला. शब्द 'अथवा'. मी तिला अव्ययांविषयी चार वाक्ये ऐकवली. तिने मान हलवली आणि पुन्हा तीळ निवडू लागली. फॉर्म तेथेच राहिला. तो परत मागण्याचेही मला भान राहिले नाही.

अशा प्रकारे तुझ्या मामाने दोन फेऱ्यांत एक भाषण, एक पत्र आणि शून्य स्वाक्षऱ्या मिळवल्या आहेत. मी पुण्यास येऊन कमलबाईंसमोर उभा राहण्यास सिद्ध आहे. परंतु नामांतराच्या वार्तेमुळे या आठवड्यात एस.टी. चालेल की नाही याविषयी आगारातच दोन मते आहेत. आज तुझी पाहणी. ती उत्तम होवो.

लोभ असू द्यावा असे म्हणण्यास आज संकोच वाटतो. तरी असू द्यावा.

तुझा मामा,
चंद्रप्पा

*

राणीसावरगाव
तारीख ११

महानंदाला मायचा आशीर्वाद.

आमी समदे बरे हाव. कागद संगं पाठवलाय. तुज्या मामाला एक शब्द विचारला. त्यानं लय सांगितलं. त्यातलं अथवा म्हंजी नाहीतर एवढं कामाचं निघालं. माता नाहीतर पिता. मग मी सही केली. म्मा जरा मोठा झाला. गंगाखेडला जाऊन रजिस्टर करते. पोस्टातल्या मानसाला सांगते पावती दे म्हणून.

तिळाचे लाडू न्हाई पाठवले. फुटतेत.

गंगम्मा

*

पुणे,
दि. १८ जानेवारी १९९४

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मायचे रजिस्टर काल साडेअकराला आले. गाड्या बंद असल्यामुळे ते दोन दिवस वाटेतच पडून होते. पाकिटावर पोस्टाचे तीन शिक्के आहेत. मी ते ऑफिसात घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत वसतिगृहावर गेले.

फॉर्मवर 'माता अथवा पिता' या ओळीत माय आहे. पहिली दोन अक्षरे ओळीवर आणि 'म्मा' खालच्या ओळीत उतरलेला. कमलबाईंनी तिथे बोट ठेवले आणि आईच ना, असे विचारले. मी हो म्हटले. मग त्यांचे बोट खाली आले, साक्षीदाराच्या ओळीवर. तिथे एक सही होती, उजवीकडून डावीकडे जाणारी. त्यांनी कागद फिरवून पाहिला आणि विचारले की, हे कोण?

मी लगेच ओळखले, मामा. अप्पा निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. दुकानाच्या पाटीवर मराठी आहे, बोलतात मराठी, भजन मराठी. पण सही आजही उर्दूतच करतात. लहानपणी मी ती पाटीवर गिरवायची आणि ते मला धपाटा घालायचे, की सही कुणाची उचलू नये.

मी कमलबाईंना सांगितले, साक्षीदार माझे वडील आहेत.

त्या म्हणाल्या, मग त्यांनी वरच्या ओळीत का केली नाही? मी म्हटले, त्यांच्या शब्दाला साक्षीदार चालत नाही. त्यांनी फॉर्म फाइलला लावला. काचेखालची यादी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. चहाचा कप मात्र सवयीने तिथेच ठेवला.

मायने हे पत्रात लिहिले नव्हते. अप्पांनी कधी सही केली, काय म्हणाले, म्हणाले का, काहीच नाही. तुम्ही गेलात तर विचारू नका. मीही विचारणार नाही.

दहा तारखेची पाहणी चांगली झाली. समितीतल्या एकांनी विचारले की, पडद्यावर मधले आकडे का दिसत नाहीत, नुसती तिथीच का? मी म्हटले, ते दाखवण्यासाठी नाहीत. सर मागे बसून हसत होते. पाथरीची तिथी सत्तावीस जून निघाली आहे. अप्पांना सांगा, पाथरीकडच्या गिऱ्हाइकांना उपयोग होईल.

तुम्ही दोन फेऱ्या केल्यात, त्या वाया गेल्या नाहीत. दुसऱ्या फेरीत फॉर्म विसरून आलात ते फार बरे झाले. मामींना तिळगूळ. जीव लावता तसा लावत राहा.

तुमची,
महानंदा

*

॥ श्रीशिव ॥

सोनपेठ,
दि. २५ जानेवारी १९९४

चि. महानंदेस,

आशीर्वाद. पत्र पोचले.

विद्यापीठाचे नामांतर झाले म्हणून मुंजाजी पेढे वाटतो आहे. स्वतः मात्र अर्धाच खाल्ला. उरलेला अर्धा पोराची मार्कशीट येईपर्यंत डब्यात ठेवला आहे.

सोबत कोश. पोचल्याची पावती पाठव.

चंद्रप्पा